किरणोत्सर्गी अवपाताचे मापन

अण्वस्त्राचा स्फोट झाला असता निर्माण होणारे किरणोत्सर्गी (भेदक कण वा किरण आपोआप बाहेर टाकणारे) पदार्थ स्फोटाच्या ढगाबरोबर वातावरणात वर जातात आणि काही मिनिटांपासून काही वर्षांपर्यंतच्या काळात पृथ्वीच्या पृष्ठभागावर परत येतात. या क्रियेस, तसेच अशा रीतीने खाली आलेल्या पदार्थांसही ‘किरणोत्सर्गी अवपात’ असे म्हणतात. हे पदार्थ कोठे, किती प्रमाणात व कोणत्या स्वरूपात पडले आणि त्यांचा किती अंश हवा, पाणी व अन्न यांच्याद्वारे मनुष्याच्या शरीरात पोहोचला, हे ठरविण्याच्या पद्धतींचा समावेश अवपातमापनात होतो.

१९४५ ते १९८० या काळात निरनिराळ्या राष्ट्रांनी वातावरणात पाचशेहून अधिक चाचणी-स्फोट केले. त्यांची एकत्रित शक्ती सु. ४४० मेगॅटन (१ मेगॅटन म्हणजे दहा लाख टन टीएनटी या स्फोटक द्रव्याइतकी शक्ती) होती. या स्फोटांतील अवपात सर्व खंडांवर व सर्व महासागरांवर पडला. तो डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास वा चव नाही आणि त्याचे आरोग्यावरील परिणाम पुष्कळदा अनेक वर्षांनी प्रकट होतात. त्यामुळे त्याच्याविषयीचे जवळजवळ सर्व ज्ञान मापनावरच अवलंबून असते. शिवाय अवपातातील अनेक पदार्थ अल्पकाळात नाहीसे होत असल्यामुळे जे मापन वेळेवर झाले नाही ते मागाहून करता येत नाही. त्या ठिकाणी केवळ अनुमान करणे शक्य असते. अवपातमापनाच्या इतिहासात ही गोष्ट वारंवार प्रत्ययास आली आहे.

उत्पत्ती व प्रकार : युरेनियम वा प्लुटोनियम यांच्या अणुकेंद्राचे भंजन (फुटण्याची क्रिया) झाल्यावर मध्यम अणुभाराच्या मूलद्रव्यांचे अनेक किरणोत्सर्गी समस्थानिक (अणुक्रमांक तोच पण अणुभार भिन्न असलेले त्याच मूलद्रव्याचे प्रकार) तयार होतात. भंजनामुळे १ किलोटन शक्ती मुक्त होते तेव्हा असे सु. ५७ ग्रॅ. पदार्थ निर्माण होतात. त्यांखेरीज न फुटलेले युरेनियम व प्लुटोनियम आणि न्यूट्रॉनांच्या माऱ्यामुळे माती, समुद्राचे पाणी, हवा व अस्त्राचे भाग यांच्यात उत्पन्न झालेले किरणोत्सर्गी पदार्थही ढगात असतात.

अवपाताचे तीन प्रकार मानतात. स्फोट जमिनीलगत झाल्यास वर ओढली गेलेली माती वितळून तिच्या कणांवर किरणोत्सर्गी पदार्थ चिकटतात व हे जड कण पहिल्या २४ तासांत सु. काही शे किमी.च्या परिसरात पडतात. हा स्थानिक अवपात होय. लहान शक्तीच्या स्फोटातील सूक्ष्म कण क्षोभावरणात (वातावरणाच्या सर्वांत खालच्या थरात) राहतात आणि वाऱ्याबरोबर साधारणपणे त्याच अक्षवृत्तीय पट्ट्यात फिरून काही आठवड्यांत, मुख्यतः पावसाबरोबर, खाली येतात. हा क्षोभावरणीय अवपात होय. मेगॅटन शक्तीच्या स्फोटाचा ढग स्थितांबरात (क्षोभावरणावरील थरात) शिरतो. तेथे पाऊस नसल्यामुळे कण दीर्घकाळ तरंगत राहतात व हळूहळू सर्व पृथ्वीवर उतरतात. यास जागतिक अवपात म्हणतात.

मोजावयाचे समस्थानिक : स्फोटानंतर ताज्या अवपाताचा एकूण किरणोत्सर्ग जलद घटतो. यासाठी स्थूलमानाने असा नियम वापरतात की, काळ सात पट झाला म्हणजे किरणोत्सर्ग एक-दशांश होतो. स्फोटानंतर एक तासाने तो १०० मानला, तर सात तासांनी १०, सु. दोन दिवसांनी १ व सु. दोन आठवड्यांनी ०·१ इतका राहतो. यामुळे मापनाची वेळ नोंदलेली नसल्यास मापनाच्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

आरोग्याच्या दृष्टीने काही समस्थानिकांना विशेष महत्त्व आहे. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य (किरणोत्सर्ग निम्मा होण्यास लागणारा काळ) सु. ८ दिवस आहे. तो गवतावर पडतो, गाईच्या दुधात उतरतो आणि दूध पिणाऱ्याच्या गळ्यातील अवटू ग्रंथीत साठतो. लहान मुलांची ही ग्रंथी लहान असल्याने तेवढ्याच आयोडिनापासून तिला मिळणारी प्रारणाची मात्रा प्रौढांपेक्षा पुष्कळ अधिक असते. स्ट्राँशियम-९० (अर्धायुष्य सु. २९ वर्षे) रासायनिक दृष्ट्या कॅल्शियमासारखा असून तो हाडांत व दातांत साठतो, अस्थिमज्जा त्याच्या सान्निध्यात असल्याने हाडांचा व रक्ताचा कर्करोग होण्याचा संभव वाढतो. सिझियम-१३७ (सु. ३० वर्षे) पोटॅशियमाप्रमाणे स्नायूंत पसरतो. कार्बन-१४ चे अर्धायुष्य सु. ५,७३० वर्षे असून तो कार्बन डाय-ऑक्साइडाच्या रूपात सर्व सजीवांत शिरतो.

मापनाचा आरंभ : १६ जुलै १९४५ रोजी अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात पहिली अणुचाचणी झाली. तिच्या अवपाताचा दूरवरील पहिला पुरावा अभावितपणे मिळाला. त्या वर्षी ईस्टमन कोडॅक कंपनीच्या क्ष-किरण फिल्मांवर वापरण्यापूर्वीच ठिपके पडलेले आढळले. कंपनीतील भौतिकीविज्ञ जे. एच. वेब यांनी शोध घेतला असता दोष फिल्मच्या वेष्टनात वापरलेल्या पुठ्ठ्यात असल्याचे दिसून आले. हा पुठ्ठा इंडियाना राज्यात व्हिन्सेंझ येथे, चाचणीच्या स्थळापासून दीड हजार किमी.हून अधिक अंतरावर, नदीचे पाणी वापरून तयार केलेला होता. किरणोत्सर्ग घटण्याच्या वेगावरून वेब यांनी तो पदार्थ सिरियम-१४१ असल्याचे ओळखले व तो नैसर्गिक नसून अणुस्फोटातून आलेला असला पाहिजे, असा निष्कर्ष काढला. हे संशोधन १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी अवपातमापन हे गुप्त स्फोट ओळखण्याचे साधन ठरले. २९ ऑगस्ट १९४९ रोजी सोव्हिएट संघाने सेमिपलाटिन्स्क येथे पहिली अणुचाचणी केली. ३ सप्टेंबर रोजी जपान ते अलास्का या मार्गावर उडणाऱ्या अमेरिकी विमानाच्या गाळण-कागदांवर नेहमीपेक्षा अधिक किरणोत्सर्ग आढळला. कागदांचे तसेच पावसाच्या पाण्याचे रासायनिक विश्लेषण करून त्यांतील भंजनजन्य पदार्थांचे वय काढण्यात आले व त्यावरून स्फोटाचा दिनांक जवळजवळ निश्चित झाला. अध्यक्ष ट्रूमन यांनी २३ सप्टेंबर रोजी ही घटना जाहीर केली.

अवपात समप्रमाणात पडत नाही, हे १९५३ मध्ये दिसून आले. २५ एप्रिल रोजी नेव्हाडा येथे केलेल्या ४३ किलोटन स्फोटाचा ढग उंचावरून पूर्वेकडे गेला आणि दुसऱ्या दिवशी रात्री सु. ३,६०० किमी. दूर न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय या शहराच्या परिसरात गडगडाटी पावसाबरोबर खाली आला. तेथील रेन्सेलिअर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटच्या प्रयोगशाळेतील गणित्रे (कण मोजणारी उपकरणे) अकस्मात अधिक गतीने मोजू लागल्यामुळे ही गोष्ट उघडकीस आली. दरम्यानच्या पुष्कळ प्रदेशात यापेक्षा कमी अवपात झाला होता. स्फोटापासूनच्या अंतरापेक्षा पावसाची वेळ व स्थळ अधिक निर्णायक ठरू शकते, हा या घटनेचा बोध होय.

१ मार्च १९५४ रोजी पॅसिफिक महासागरातील बिकिनी बेटावर अमेरिकेने केलेल्या हायड्रोजन बाँबच्या चाचणीची शक्ती १५ मेगॅटन, म्हणजे अपेक्षेच्या दुपटीहून अधिक, झाली. रोंगेरिक बेटावरील हवामान केंद्रात ठेवलेले मापक सु. सात तासांनी आपल्या कमाल मर्यादेपलीकडे गेले व पुढील वाढ त्यावर नोंदली जाऊ शकली नाही. रोंगेलॅप बेटावरील ६४ रहिवाशांना सु. दोन दिवसांनी हलविण्यात आले; त्यांना मिळालेली मात्रा नंतरच्या मापनांवरून मागे मोजत जाऊन ठरवावी लागली. याच अवपाताची पांढरी राख ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी नौकेवर पडली. नौकेवरील २३ जणांना प्रारणबाधा झाली व त्यांपैकी आइकिची कुबोयामा हे २३ सप्टेंबर १९५४ रोजी मरण पावले. नौकेवरील राखेचे विश्लेषण जपानी रसायनशास्त्रज्ञांनी केले. तीत युरेनियम-२३७ हा समस्थानिक सापडला व त्यावरून अस्त्राच्या साध्या युरेनियमाच्या आवरणाचेही भंजन झाले होते, असे अनुमान करता आले. अधिकृतपणे गुप्त ठेवलेली अस्त्राची रचना अशा प्रकारे राखेतून उघड झाली. त्या वर्षी जपानच्या बंदरांत ट्यूना माशांची गायगर गणित्राने तपासणी करण्यात येत होती आणि ‘शुन्कोत्सु मारू’ या जहाजाने बिकिनीभोवतालच्या समुद्राच्या पाण्याचे मापन केले.

नमुने गोळा करणे : अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाच्या न्यूयॉर्क येथील आरोग्य व सुरक्षा प्रयोगशाळेने मेरिल आयझेनबड यांच्या मार्गदर्शनाखाली १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एक सोपी पद्धत प्रचारात आणली. तीत सु. ३० सेंमी. लांब व तेवढीच रुंद अशी चिकट द्रव्य लावलेली फिल्म उघड्या जागी मांडणीवर आडवी ठेवून दर २४ तासांनी बदलत. ती टपालाने प्रयोगशाळेत आल्यावर जाळून राख करीत आणि राखेतील बीटा कण मोजीत. हवामान केंद्रांतील कर्मचारी हे काम सहज करू शकत असल्यामुळे अमेरिकेत व अन्य देशांत अशा केंद्रांचे जाळे उभारता आले. या पद्धतीतील मुख्य दोष असा की, जोराच्या पावसात काही कण धुऊन जातात व त्यासाठी दुरुस्ती करावी लागते. शिवाय जाळताना आयोडिनासारखे बाष्पनशील पदार्थ उडून जातात.

अधिक अचूक मापनासाठी उंच काठाची धातूची भांडी वापरतात. त्यांत महिनाभर पडलेले पाणी व धूळ एकत्र घेऊन विश्लेषण करतात. दुसऱ्या एका साधनात नरसाळ्यातून आलेले पावसाचे पाणी आयन-विनिमय रेझिनाच्या नळीतून जाते आणि किरणोत्सर्गी आयन रेझिनात अडकतात. त्यामुळे पाण्याऐवजी केवळ नळीच प्रयोगशाळेत पाठवावी लागते. जमिनीलगतच्या हवेतील कणांसाठी पंपाने ज्ञात आकारमानाची हवा गाळण-कागदातून ओढतात. दीर्घ काळातील एकूण संचय ठरविण्यासाठी बरीच वर्षे न नांगरलेल्या सपाट गवताळ जमिनीतून ठराविक क्षेत्रफळाचे व खोलीचे मातीचे गाभे काढतात.

प्रयोगशाळेतील मापन : एकूण बीटा कणांची गणना जलद होते, परंतु तीवरून कोणता समस्थानिक किती आहे हे कळत नाही. गॅमा किरण उत्सर्जित करणाऱ्या समस्थानिकांसाठी थॅलियमयुक्त सोडियम आयोडाइडाच्या स्फटिकाचा उपयोग करतात. गॅमा किरण स्फटिकात शोषला जाताना सूक्ष्म चमक निर्माण होते व तिची तीव्रता किरणाच्या ऊर्जेवर अवलंबून असते. निरनिराळ्या ऊर्जांच्या चमका वेगळ्या मोजल्यास नमुन्यातील समस्थानिक ओळखता येतात. उदा., सिझियम-१३७ ची ओळख ६६२ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या किरणांवरून पटते. पुढे जर्मेनियमाचे अभिज्ञातक प्रचारात आल्यावर अगदी जवळच्या ऊर्जांचे किरणही वेगळे ओळखता येऊ लागले.

स्ट्राँशियम-९० मात्र गॅमा किरण देत नाही, म्हणून त्याचे मापन श्रमाचे असते. दूध, धान्य वा हाड जाळून राख करतात व तीत साध्या स्ट्राँशियमाची ज्ञात राशी मिसळतात. शेवटी यातील किती अंश हाती आला हे पाहून विश्लेषणात झालेली घट काढता येते. संहत नायट्रिक अम्लाच्या साहाय्याने स्ट्राँशियम कॅल्शियमापासून वेगळे करतात, इतर किरणोत्सर्गी द्रव्ये अवक्षेपणाने (न विरघळणाऱ्या साक्याच्या रूपाने) काढून टाकतात आणि शुद्ध केलेला नमुना सु. दोन आठवडे तसाच ठेवतात. या अवधीत स्ट्राँशियम-९० पासून यिट्रियम-९० (अर्धायुष्य ६४ तास) तयार होऊन त्याचे प्रमाण समतोलाला येते. मग यिट्रियम वेगळे करून त्याचे बीटा कण मोजतात. पर्यावरणीय नमुन्यातील किरणोत्सर्ग अतिशय क्षीण असल्यामुळे गणित्राभोवती शिसे वा पोलाद यांचे जाड आवरण घालतात. १९४५ नंतर तयार झालेल्या पोलादात अवपाताचा अंश शिरलेला असल्याने काही प्रयोगशाळांनी त्यापूर्वी बांधलेल्या जहाजांचे पोलाद यासाठी वापरले.

मापनाचे फल प्रारंभी प्रति चौ. किमी. मिलिक्यूरी असे देत. १ क्यूरी म्हणजे दर सेकंदास ३,७०० कोटी विघटने होत. आता बेकेरेल (दर सेकंदास एक विघटन) हे एकक रूढ आहे. हाडे व दूध यांतील स्ट्राँशियम-९० चे प्रमाण दर ग्रॅ. कॅल्शियमामागे किती पिकोक्यूरी, असे देत.

स्थितांबरातील मापन : अमेरिकी अणुऊर्जा आयोगाचे सदस्य व रसायनशास्त्रज्ञ विलर्ड लिबी यांनी प्रारंभी असे मानले होते की, स्थितांबरात गेलेले पदार्थ तेथे सरासरी पाच ते दहा वर्षे राहतात आणि सर्व पृथ्वीवर जवळजवळ सारखे उतरतात. हे खरे असते, तर अल्पजीवी समस्थानिकांचा बहुतेक किरणोत्सर्ग वरच संपला असता व धोका पातळ होऊन सर्वत्र विभागला गेला असता. १९५६ नंतर बलूनांच्या आणि १९५७ पासून यू-२ विमानांच्या साहाय्याने स्थितांबरातील हवेचे नमुने घेण्यात आले. जगभरातील मातीच्या नमुन्यांचेही विश्लेषण झाले. त्यांवरून वास्तव्यकाल पुष्कळच कमी असून ध्रुवीय प्रदेशातील स्फोटांच्या बाबतीत तो एक वर्षाहूनही कमी असतो, असे आढळले. अवपात वसंत ऋतूत वाढतो आणि समशीतोष्ण अक्षवृत्तांवर सर्वाधिक असतो, हेही सिद्ध झाले. उत्तर गोलार्धातील दाट वस्तीचा मोठा भाग याच पट्ट्यात मोडतो. १९५९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या संयुक्त अणुऊर्जा समितीपुढे झालेल्या सुनावणीत हा प्रश्न विशेष चर्चिला गेला.

अन्न व मानवी शरीर : जमिनीवर किती पडले यापेक्षा शरीरात किती गेले हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असून त्याचे उत्तर अन्नसाखळीच्या मापनातूनच मिळते. अमेरिकेत १९५७ पासून काही शहरांतील दुधाचे नियमित विश्लेषण सुरू झाले. आर्क्टिक प्रदेशात दगडफुलासारख्या शैवाकांवर पडलेला सिझियम-१३७ रेनडियरांच्या मांसात साठतो व ते मांस खाणाऱ्या लोकांच्या शरीरात त्याचे प्रमाण इतरांच्या कितीतरी पट असल्याचे स्वीडन, फिनलंड व अलास्का येथील मापनांत दिसून आले. त्या प्रदेशात प्रत्यक्ष अवपात मात्र कमी होता. केवळ जमिनीच्या मापनावरून ही गोष्ट कधीच कळली नसती.

स्ट्राँशियम-९० हाडांत किती साठतो हे पाहण्यासाठी अमेरिकेने १९५३ मध्ये ‘सनशाइन प्रकल्प’ हाती घेतला. अनेक देशांतून मृत व्यक्तींच्या, त्यातही अर्भकांच्या व बालकांच्या, हाडांचे नमुने मिळविण्यात आले. कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमाँट वेधशाळेतील जे. लॉरेन्स कल्प व त्यांचे सहकारी यांनी १९५७ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बालकांच्या वाढत्या हाडांत हे प्रमाण प्रौढांपेक्षा अधिक असल्याचे त्यांत दिसले. पुष्कळ नमुने कुटुंबीयांच्या संमतीविना घेतले गेले होते ही गोष्ट १९९५ मध्ये अमेरिकेतील चौकशी समितीच्या कार्यातून लोकांपुढे आली. उपयुक्त मापनही कोणत्या मार्गाने मिळविले याचा विचार टाळता येत नाही, हे या प्रकरणाने दाखविले.

याउलट सेंट लूइस येथील नागरिक समितीने १९५८ मध्ये आरंभलेल्या पाहणीत पालकांनी स्वेच्छेने नमुने दिले. मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करण्याची ही योजना होती. डॉ. लुईझ राइस यांनी तिचे संचालन केले आणि वॉशिंग्टन विद्यापीठातील बॅरी कॉमनर प्रभृती शास्त्रज्ञांचे तिला साहाय्य होते. दुधाच्या दाताचा माथा जन्मापूर्वीच्या काही महिन्यांत व जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात तयार होतो. त्यामुळे त्यातील स्ट्राँशियम-९० हे त्या काळातील आहाराची नोंदच असते. दात देणाऱ्या मुलास एक बिल्ला मिळे. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निष्कर्षांत १९५० नंतर जन्मलेल्या बालकांच्या दातांत हे प्रमाण क्रमाने वाढत गेल्याचे दिसून आले. १९७० पर्यंत सु. तीन लाख दात जमा झाले होते.

न मोजलेले आयोडीन : नेव्हाडा येथील चाचण्यांच्या वेळी आसपासच्या गावांतील बाह्य गॅमा प्रारण मोजण्याची व्यवस्था होती. १९ मे १९५३ च्या स्फोटानंतर युटा राज्यातील सेंट जॉर्ज गावाच्या रहिवाशांना घराबाहेर न पडण्यास सांगण्यात आले, तेही अशा मापनांच्या आधारेच. दुधातील आयोडीन-१३१ चे मापन मात्र त्या काळात क्वचितच झाले. १९६२ च्या उन्हाळ्यात युटामध्ये दुधातील आयोडीन मोजले गेले तेव्हा तेथील आरोग्याधिकाऱ्यांनी काही दूध ताजे न विकता अन्य उपयोगाकडे वळविले. तोपर्यंत मोठ्या चाचण्यांची बहुतेक वर्षे निघून गेली होती व आयोडीन केव्हाच नाहीसे झाले होते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९७ मध्ये या प्रश्नावर विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. नेव्हाडातील चाचण्यांमुळे सु. १५ कोटी क्यूरी आयोडीन-१३१ वातावरणात गेले, असे त्यात म्हटले आहे. प्रत्यक्ष मोजमापे नसल्यामुळे १९५०–६० या दशकातील चिकट फिल्मांच्या नोंदी, त्या दिवसांचा पाऊस, गाईंच्या चराईच्या पद्धती व दुधाची वाहतूक यांवरून प्रत्येक जिल्ह्यातील मात्रा काढावी लागली. सर्वाधिक सरासरी मात्रा मिळालेल्या जिल्ह्यांत माँटॅना व आयडाहो या, चाचणीस्थळापासून शेकडो किमी. दूर असलेल्या, राज्यांतील जिल्हे होते. फिल्मांवरील एकूण बीटा गणना आयोडिनासाठी केलेली नव्हती. तरी ती दिनांकासह जपून ठेवलेली असल्यामुळेच चाळीस वर्षांनी हे अनुमान शक्य झाले. परंतु अशा अनुमानात अनिश्चितता मोठी असते व एखाद्या विशिष्ट व्यक्तीला किती मात्रा मिळाली हे त्यावरून खात्रीने सांगता येत नाही.

भारतातील कार्य : बिकिनी येथील घटनेनंतर २ एप्रिल १९५४ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी लोकसभेत चाचण्या स्थगित करण्याचे आवाहन केले. अणुस्फोटांच्या परिणामांविषयी दौ. सिं. कोठारी यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला ग्रंथ भारत सरकारने १९५६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यास नेहरूंची प्रस्तावना आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ३ डिसेंबर १९५५ रोजी आण्विक प्रारणाच्या परिणामांविषयी शास्त्रीय समिती स्थापन केली. तिच्या मूळच्या पंधरा सदस्य-राष्ट्रांत भारत होता. मुंबईचे विख्यात विकृतिवैज्ञानिक वसंत रामजी खानोलकर आणि तुर्भे येथील अणुऊर्जा संस्थेतील जीववैज्ञानिक ए. आर. गोपाल-अय्यंगार यांनी या समितीत भारताचे प्रतिनिधित्व केले. तुर्भे येथील संस्थेने (आताचे भाभा अणुसंशोधन केंद्र) हवा, पाऊस व अन्न यांतील अवपाताच्या मापनाचे कार्य हाती घेतले.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील देवेंद्र लाल व त्यांचे सहकारी यांनी १९५५ नंतरच्या काळात विश्वकिरणांमुळे वातावरणात निसर्गतः तयार होणारे बेरिलियम-७, फॉस्फरस-३२ व सल्फर-३५ हे समस्थानिक पावसाच्या पाण्यात मोजले. वातावरणातील हवेच्या अभिसरणाचा व अवपाताच्या मार्गाचा अभ्यास करण्यास या नैसर्गिक समस्थानिकांचा फार उपयोग झाला. आहाराच्या बाबतीत भारतासारख्या देशांचा प्रश्न वेगळा होता. पाश्चात्त्य देशांत आहारातील कॅल्शियम मुख्यतः दुधातून मिळते, तर तांदूळ वा अन्य धान्ये हा ज्यांचा प्रमुख आहार आहे त्यांना कॅल्शियमाचा व त्याबरोबर स्ट्राँशियमाचा बराच भाग धान्यातून मिळतो. दुधाच्या मापनावर आधारलेली अनुमाने अशा लोकांना तशीच लागू पडत नाहीत. उपर्युक्त समितीच्या १९५८ च्या पहिल्या अहवालातही हा भेद विचारात घेण्यात आला.

करार व नंतरचा काळ : १९५८ च्या आरंभी लायनस पॉलिंग यांनी नऊ हजारांवर शास्त्रज्ञांच्या सह्यांचे, चाचण्या थांबविण्याविषयीचे निवेदन संयुक्त राष्ट्रांना सादर केले. १९६१–६२ मध्ये मोठ्या प्रमाणावर झालेल्या चाचण्यांमुळे अवपात पुन्हा वाढला. अमेरिका, सोव्हिएट संघ व ब्रिटन यांनी ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्को येथे वातावरणात, अवकाशात व पाण्याखाली चाचण्या न करण्याच्या करारावर सह्या केल्या. भारताने ८ ऑगस्ट रोजी त्यावर सही केली. २६ जुलै रोजी या कराराविषयी अमेरिकी जनतेस उद्देशून केलेल्या भाषणात अध्यक्ष केनेडी यांनी बालकांच्या हाडांना व रक्ताला असलेल्या धोक्याचा उल्लेख केला होता. कराराला राजकीय कारणेही होती. तथापि दूध व दात यांच्या मापनाने हा विषय घराघरांत पोहोचविला होता. फ्रान्स व चीन या करारात सामील झाले नाहीत. फ्रान्सने १९७४ पर्यंत व चीनने १६ ऑक्टोबर १९८० पर्यंत वातावरणात चाचण्या केल्या.

कराराचा परिणामही मापनातच दिसतो. जागतिक सरासरीने एका व्यक्तीस अवपातामुळे मिळणारी वार्षिक मात्रा १९६३ मध्ये सर्वाधिक, म्हणजे सु. ०·११ मिलिसीव्हर्ट होती व विसाव्या शतकाच्या अखेरीस ती सु. ०·००५ मिलिसीव्हर्ट इतकी उतरली. तुलनेसाठी, नैसर्गिक प्रारणापासून मिळणारी सरासरी मात्रा वर्षास सु. २·४ मिलिसीव्हर्ट असते. ही सरासरी पाहताना रोंगेलॅपचे रहिवासी वा युटातील दूध पिणारी बालके तीत लोपून जातात, हे ध्यानात ठेवणे अवश्य आहे. अल्प मात्रेपासून होणाऱ्या कर्करोगांची संख्या मापनाने थेट मिळत नाही. ती उच्च मात्रांच्या अनुभवावरून गणिताने काढावी लागते व तिच्याविषयी मतभेद आहेत.

१९६३ च्या सुमाराचा सिझियम-१३७ चा उच्चांक सरोवरांच्या गाळात व हिमनद्यांच्या थरांत स्पष्टपणे आढळतो. त्याच्या आधारे गाळाचे वय व जमिनीची धूप मोजतात. १९९६ मध्ये स्वीकारलेल्या सर्वंकष चाचणीबंदी करारानुसार ८० किरणोत्सर्गमापन केंद्रांचे जागतिक जाळे योजण्यात आले. हा करार अद्याप अंमलात आलेला नसला, तरी त्यातील बहुसंख्य केंद्रे कार्य करीत आहेत. भूमिगत स्फोटातून झिरपणाऱ्या झेनॉन वायूच्या समस्थानिकांचाही त्यांत शोध घेतात. ऑक्टोबर १९०६ नव्हे तर २००६ मधील उत्तर कोरियाच्या चाचणीनंतर कॅनडातील यलोनाइफ येथील केंद्रात असा झेनॉन आढळला होता. झेनॉन-१३३ चे अर्धायुष्य सु. ५ दिवसच असल्यामुळे अशी केंद्रे स्फोटाची वाट न पाहता अखंड चालू ठेवावी लागतात.